कात्रीखाली गेलेल्या चार ओळी

मी एक जुना फॅक्स आहे, मित्रांनो. फोनच्या तारेतून आलेला कागद जसाच्या तसा छापणारं यंत्र. आर्णीच्या रस्त्यावर नरहरशेठचं बियाण्याचं दुकान होतं, तिथे गल्ल्याशेजारी मी सहा वर्षं काढली. खरं सांगू? ती वर्षं आठवली की आधी किळसच येते.

पहिली किळस खर्ऱ्याची. शेठ माझ्याच झाकणावर प्लास्टिकची पन्नी ठेवून सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा घोटत आणि ओली बोटं माझ्या अंगाला पुसत. पण ते फडक्याने निघतं. दुसरी किळस अजून निघालेली नाही.

माझं काम मात्र पवित्र होतं. दर शुक्रवारी हवामानाचं पत्रक येई. वर उपग्रहाने काढलेलं ढगांचं चित्र, खाली चार ओळींचा अंदाज. त्या उपग्रहाला उजेड लागत नाही. तो उष्णता पाहतो, म्हणून अंधारातही त्याला ढग दिसतात. तापलेली जमीन चित्रात काळी, उंचावरचा थंड ढग पांढरा. मीही उष्णतेनेच छापतो. माझा कागद तापला की काळा होतो. म्हणजे पांढरा ढग हा मी हातही न लावलेला कोरा कागद. आता गंमत अशी, की पाण्याने भरलेला उंच ढगही पांढराच दिसतो आणि पिंजलेल्या कापसासारखा पातळ, पोकळ ढगही पांढराच. त्यातला फरक जाणकार माणसं एकामागून एक चित्रं लावून, वारा पाहून ओळखत आणि खालच्या चार ओळींत लिहीत. त्यामुळे अंदाज पूर्वीपेक्षा खरे ठरू लागले होते.

शेठ नेमक्या त्या चार ओळी कात्रीने कापत. नुसतं पांढरं चित्र पाहिलं की लोक बियाणं उचलतात, हे त्यांना कळलं होतं. कापलेल्या पट्टीत ते खर्ऱ्याची पुडी बांधत.

चित्र जाई मारुतीच्या देवळात. दर शनिवारी पुंडलिकराव महाराजांचं कीर्तन असे. काय तो गळा! त्यांनी नामघोष धरला की दुकानात माझीही तार थरथरे. कीर्तनाआधी महाराज ते चित्र सगळ्यांना दाखवत, आणि नारदाच्या गादीवरून आलेला शब्द गावाला खोटा वाटत नसे.

कोकिळाबाईंकडे दोन एकर रान आणि बियाण्याच्या दोनच थैल्या. पांढरं चित्र पाहून त्यांनी एका एकरात धूळपेर केली, म्हणजे कोरड्या मातीतच सरकी टोकली. जेमतेम शिंतोडे आले. बी फुगलं, आणि पुढे कडक ऊन. बी मातीतच करपलं.

पुढच्या शुक्रवारी त्या मूठभर माती घेऊन दुकानात आल्या. महाराजही चित्र न्यायला आले होते. मी छापतच होतो. पुन्हा पांढरंच चित्र. शेठनी कात्री उचलली.

"ते खालचं कायले कापता?"

"थे सायबाले पाठवा लागते, वहिनी. आपल्या कामाचं नाही."

"मंग सायब खर्रा खाते वाटते. मागच्या हप्त्याचं तं पुडी होऊन तुमच्या खिशात हाय."

महाराजांनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचलं. ढग उंच व पातळ. शिंतोड्यांपलीकडे पाऊस नाही. पेरणी करू नये. कोकिळाबाईंनी मूठ माझ्या झाकणावर उघडली. काळी सरकी मातीत दिसत होती.

"महाराज, शेठचं जाऊ द्या. तुमी गादीवरून सांगतलं म्हून पेरलं मी."

महाराज मान खाली घालून म्हणाले, "बाई, देवापुढं मी अर्धाच कागद घेऊन उभा राह्यलो."

शनिवारी त्यांनी आधी आपली चूक सांगितली, मग चारही ओळी वाचल्या, मगच वीणा घेतली. कोकिळाबाईंची दुसरी थैली आणखी दोन शुक्रवार बांधलेलीच राहिली. पेरा, असं ओळींत आलं तेव्हा ती उघडली. तो एकर हिरवा झाला. पहिला त्या वर्षी उघडाच राहिला.

पुढे शेठनी मला बिघडला म्हणून मागच्या पत्र्याच्या खोलीत टाकलं. मी बिघडलो नव्हतो.

मित्रांनो, आता असली चित्रं तुमच्या फोनवर येतात, तीही रंगीत. यंत्र पुसून ठेवा, हे तर आहेच. पण दुसऱ्याला चित्र दाखवताना खालच्या ओळीही दाखवा. कोणाची तरी शेवटची थैली त्यावर उघडणार असते.

माझ्या पोटात एक पत्रक अजून अडकलं आहे. पत्र्याच्या उन्हाने ते सगळंच काळं पडलं. ढग कुठला, ओळी कुठल्या, कळत नाही. तरी मी ते जपून धरलं आहे. त्याला कात्री लागलेली नाही.