मल्हारीबुवांचं चेंडूचं मशीन

आमच्या ह्यांनी ते धूड टेम्पोतून पडवीत उतरवून घेतलं तेव्हा मी पहिल्यांदा एवढंच विचारलं, "ह्याच्यावर भाकऱ्या होतात काय?"

"होतात. दळणपण होतं," हे म्हणाले आणि फडक्याने काच पुसायला लागले. फुटकीच काच, तीही इतक्या मायेने पुसत होते की मीही बघायला पुढे झाले.

चार लोखंडी पायांवरचं तिरकं टेबल होतं ते. मागे उभी पाटी, तिच्यावर घोड्यावर बसलेली गोरी बाई आणि आकड्यांच्या चकत्या. काचेखाली खिळे, वाळलेली रबरं, चेंडूला उडवायच्या तीन गोल छत्र्या आणि उंदरांचा संसार. आमची रविना मोबाईलवर बघून म्हणाली, "आई, ह्याला पिनबॉल म्हणतात. स्प्रिंग ओढून चेंडू वर सोडायचा, मग दोन बाजूंची बटणं दाबून त्याला खाली पडू द्यायचा नाय."

"आणि पडला तर?"

"पडतोच गो. दुसरा सोडायचा."

हे चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. कसाऱ्याच्या रिले रूममध्ये टकटक करत उघडमीट करणारे विजेचे डबे असायचे, त्यांची देखभाल ह्यांच्याकडे. मग तिथे कॉम्प्युटर आले आणि हेही रिटायर झाले. टोकावड्याच्या अलीकडे, मुरबाडच्या रस्त्याला एक जुना बंगला पाडून रिसॉर्ट बांधत होते, तिथल्या कामाला तात्पुरती लाइट ओढून द्यायला गेले होते. दिवाणखान्यात हे मशीन पडलेलं. मागचं दार उघडून बघतात तर आत ओळीने रिले, आपल्या कसाऱ्यासारखेच. मग काय, मजुरीच्या जागी मशीनच मागितलं.

ठेकेदार म्हणाला, "न्या काका. पण सांगून ठेवतो, ह्याच्यावर एक मोठा हिरो खेळलाय."

"कोणता?"

"जुना."

"नाव?"

"नाव काय करायचंय? जुना म्हटलं ना."

हे मला चहा पिताना सांगत होते आणि मी हसत होते. मग म्हणाले, "टेम्पो निघताना बंगल्याचा राखणदार जवळ आला. गोमा. कानात म्हणाला, हिरो-बिरो कोन नाय खेळला. मल्हारीबुवा खेळायचे."

माझं हसणं तिथेच थांबलं.

मल्हारीबुवांचं कीर्तन ज्यांनी ऐकलं त्यांना मी काय सांगायचं, आणि ज्यांनी नाही ऐकलं त्यांना कसं सांगायचं. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत त्यांच्या तारखेवरून सप्ताहाची तारीख ठरायची. बुवा चाल चढवत न्यायचे तसे मागचे टाळकरी घामाघूम व्हायचे, आणि मधेच थांबून अशी काही थट्टा करायचे की रडणारी बाई हसायला लागायची. जाऊन सतरा वर्षं झाली. माझ्या देव्हाऱ्यात त्यांचा फोटो आहे.

आणि गोमा मला ठाऊक होता. माझं लग्न झालं त्या वर्षी आमच्या गावच्या सप्ताहात तो कीर्तन ऐकायला आला होता आणि पंगतीत सहज सांगून बसला, की बुवा आमच्या बंगल्यात महिनाभर राहिले होते, रोज दुपारी चेंडूचं मशीन खेळायचे. बुवांची माणसं खवळली. बुवा, आणि जत्रेतल्या जुगारासारखं यंत्र खेळणार? त्याला हाताला धरून मंडपातून बाहेर काढलं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं थापाड्या गोमा. चाळीस वर्षांत तो कुठल्याच मंडपात शिरला नाही. गावोगावच्या सप्ताहाला जायचा, पण रस्त्याकडेच्या मोरीवर बसून लाउडस्पीकरवर ऐकायचा आणि आरतीआधी उठायचा. त्याला उठवला तेव्हा मीही हसले होते. नवी नवरी असून चांगली मोठ्याने.

"तो काही मागत होता काय?" मी ह्यांना विचारलं.

"म्हणाला, चालू झालं तर एकदा बोलवा. म्हणाला, डोळे मिटायच्या आधी एक कीर्तन मंडपात बसून ऐकायचंय, पण खोटारडा म्हणून नाय बसायचं."

मशीन चालू झाल्याने गोमा खरा कसा ठरणार, ते मला कळेना. ह्यांनाही कळत नव्हतं. पण हे कामाला लागले.

चार महिने पडवीत माझं सूपसुद्धा ठेवायला जागा नव्हती. मशीन परदेशातलं, आपली लाइट त्याला सोसत नाही, म्हणून कल्याणहून ट्रान्सफॉर्मर आणला. रिलेचे पॉइंट काळे पडले होते. प्रत्येकात लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी घालायची आणि हळूच ओढायची, पट्टी पांढरी निघेपर्यंत. अशा घरातल्या सगळ्या पत्रिका संपल्या. चेंडू हरवले होते, ते शहापूरच्या गॅरेजमधून ट्रकच्या जुन्या बेअरिंगमधले मिळाले. रबराच्या कड्या रविनाने ऑनलाइन मागवल्या. हे पाठीवर पडून मशीनखाली सरकायचे आणि आतून आवाज यायचा, "गो, ती बारीक पकड दे." रिटायर झाल्यापासून घरात एवढं बोलले नव्हते.

मधे एकदा रविना गोमादादाला स्कूटीवर घेऊन आली. सत्तरीच्या पुढचा, वाळका, स्वच्छ टोपीतला माणूस. उंबऱ्याशी उभा राहून मशीनकडे बघत राहिला. मी पाणी दिलं आणि मनात होतं ते बोलून टाकलं.

"गोमादादा, तुमाला मंडपातून उठवलं तेव्हा मी पण हसले होते."

"म्हायती हाय. तुजा आवाज लय मोठा होता."

मला वर बघवेना. तोच म्हणाला, "जाऊ दे. पोर होतीस."

मग बसून बोलला. बुवा दुपारी जेवण झालं की यायचे, धोतर खोचायचे आणि खेळायचे. रोज. आणि त्या अख्ख्या महिन्यात बुवा एक अक्षर बोलले नाहीत. काही हवं तर हाताने खुणा करायचे.

"बोलायचेच नाय?"

"नाय. मौन असंल, आमी काय इचारणार."

मी ह्यांच्याकडे बघितलं. इथेच त्याची गोष्ट मला लंगडी वाटली. मल्हारीबुवा म्हणजे एकटे असले तर तुळशीशी गप्पा मारणारे. ते महिनाभर गप्प? आणि गप्प राहून काय, तर चेंडू खेळणार? गोमादादा गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "माणूस चांगला आहे हो, पण..."

"पण काय?"

"काय नाय."

सप्ताह आला. कीर्तनकारांना घरं वाटून दिलेली असतात, कोणाकडे उतरायचं, कोणाकडे जेवायचं. काल्याचं कीर्तन रंगनाथ महाराजांचं, आणि ते उतरणार आमच्याकडे. रंगनाथ महाराज म्हणजे मल्हारीबुवांचे सगळ्यांत जवळचे शिष्य, आता साठीतले. आदल्या दिवशी सकाळी आले, पुरणपोळी जेवले आणि आतल्या खोलीत पडले. पडवीतल्या मशीनवर मी चादर टाकून ठेवली होती. उगाच गोमाचं जुनं प्रकरण त्यांच्यासमोर नको.

त्याच सकाळी मशीन चालू झालं होतं. हे लाइट चालू ठेवून, "अर्धा तास तापू दे, कोनी हात लावू नका," सांगून मंडपातला बिघडलेला फोकस बघायला गेले. रविना शेवग्याच्या शेंगा आणायला. मी एकटी, मशीन चालू, आणि घरात महाराज. आता तुम्हीच सांगा, सायकल घेतली तरी आपण नारळ फोडतो. चार महिन्यांच्या कष्टाने उभं राहिलेलं यंत्र, त्याला तसंच ठेवायचं? मी चादर काढली, हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पुढच्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडला. नारळ निघाला पाण्याने भरलेला. अर्धं पाणी तांब्यात आलं. अर्धं पैसे टाकायच्या फटीतून आत गेलं.

आतून आधी चुरचुर झाली. मग घंटा सुटली. टणटणटणटण, थांबायचं नावच नाही. तीन छत्र्या धडधडायला लागल्या, गोऱ्या बाईच्या डोक्यावरचे आकडे गरगरा फिरायला लागले. बंद करायचं बटण मशीनच्या मागे, भिंतीकडे, आणि पाणी कुठवर गेलंय ते कळेना, म्हणून हात लावायची हिंमत होईना. मी फक्त "पांडुरंगा, पांडुरंगा" करत उभी.

महाराज आतून आले. झोपेतच होते, उपरणं एका खांद्यावरून लोंबत होतं.

"हात लावू नका महाराज, पाणी गेलंय," मी म्हणेस्तोवर त्यांनी लाकडी कडा दोन्ही हातांनी धरल्या, कमरेने डावीकडून एक मोजका धक्का दिला, आणि सगळं गप्प झालं. छत्र्या थांबल्या. मागच्या पाटीवर एकच लाल दिवा लागला, मशीन हलवलं की डाव बाद होतो असं हे सांगायचे, तो.

"डावीकडून दिला की थांबतं," महाराज म्हणाले. मग त्यांची झोप पुरती उडाली.

ते उपरणं सारखं करायला लागले.

"महाराज, तुमाला कसं म्हायीत?"

"असंच. कुठे तरी बघितलं असेल."

"कुठे? असलं दुसरं मशीन मी तरी कुठे बघितलं नाय."

"मुंबईत वगैरे."

"मुंबईत डावीकडून देतात?"

महाराज खाली बसले. पाणी मागितलं. तांब्यातलं नारळाचं पाणीच दिलं, दुसरं सुचलंच नाही. ते प्यायले आणि म्हणाले, "माउली, हे टोकावड्याचं ना?"

"हो."

"त्या वर्षी बुवांचा आवाज गेला होता. घशाला गाठ आली होती. डॉक्टर म्हणाले, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, नाही तर आवाज कायमचा जाईल. लोकांना कळलं असतं तर बुवा संपले असं झालं असतं. म्हणून तिकडे नेऊन ठेवलं. बुवांना तो महिना सोसेना. रडायचे. मग हे मशीन दिसलं. दुपारभर खेळायचे आणि आवाज न करता हसायचे. कडेला मी उभा असायचो, हिशोब ठेवायला."

"मग गोमादादा..."

"गोमा खरं बोलला. पण खेळाचं कळलं की लोक विचारणार, बुवा तिथे होते कशाला. म्हणून आम्ही त्याला खोटा ठरवला." महाराजांनी तांब्या खाली ठेवला. "त्याला हाताला धरून मीच उठवला होता. बुवांना हे कधी सांगितलं नाही."

मला खरं तर राग यायला हवा होता. पण समोर बसलेला माणूस माझ्यासारखाच दिसत होता, त्या चुकीत सामील झालेला.

"उद्या सांगा," मी म्हटलं.

"काल्याच्या कीर्तनात? तिथे कृष्णाच्या लीला सांगतात, माउली."

"मग? तो काय चेंडू खेळत नव्हता?"

महाराज हसले, पण हो म्हणाले नाहीत. "बुवांच्या नावाचा प्रश्न आहे. बघू," एवढंच.

हे आले. मशीनवरचा हार बघितला, फटीतून ठिबकणारं पाणी बघितलं.

"पानी कोनी घातलं?"

"देवाचं होतं," मी म्हटलं.

ह्यांनी आधी लाइट बंद केली. रविनाचा केस वाळवायचा पंखा मागून घेतला आणि मशीनखाली सरकले.

सकाळी रविना गोमादादाला आणायला गेली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, महाराजांनी कबूल कुठे केलं होतं काही? तो आला, पण मंडपाबाहेर थांबला. "मी मोरीवर बसतो."

"मोरीवर ऊन हाय बाबा," रविना म्हणाली. "इथे चपलांजवळ तरी बसा. हा काय मंडप नाय."

तो चपलांजवळ बसला. मी बायकांत, पण मान मागे वळवून.

महाराज उभे राहिले. कीर्तन नेहमीसारखं चढत गेलं. गोपाळ आले, शिदोऱ्या आल्या, यमुनेकाठी चेंडूचा डाव मांडला. इथे महाराज थांबले. मृदंगवाल्याने थाप धरून ठेवली. महाराजांनी त्यालाही हाताने थांबवलं.

"देव खेळला ते आपण गोड मानतो," ते म्हणाले. "आमचे मल्हारीबुवा खेळले, ते मात्र आम्ही चाळीस वर्षं लपवलं."

आणि सगळं सांगितलं. घसा, डॉक्टर, मुका महिना, टोकावड्याचं मशीन. एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, माझा बुवा," आणि डोळे पुसता पुसता हसायला लागली. ते हसू मंडपभर गेलं. कोणाचा बुवा लहान झाला नाही. उलट मला तर तो धोतर खोचून उभा दिसायला लागला.

महाराजांनाही चेव आला. "आणि काय खेळायचे म्हणता. चेंडू एकदा सोडला की दुपारभर खाली पडायचा नाही. बुवा एकदाही हरले नाहीत."

"नाय महाराज."

आवाज मागून, चपलांतून आला. गोमादादा उभा राहिला होता. सगळ्या माना वळल्या.

"रोज हरायचे," तो म्हणाला. "हरले की मला खुणेने सांगायचे, बिस्कीट आन."

महाराज दोन पावलं पुढे आले. मग हात जोडून म्हणाले, "गोमादादा सांगतात ते खरं. मी वाढवून सांगितलं." आणि पुढे, टाळकऱ्यांना सरकायला सांगत, "दादा, इकडे वर या. उरलेलं तुम्हीच सांगा."

वाट मोकळी झाली. गोमादादा चपला ओलांडून मंडपात आला, पुरुषांच्या पहिल्या ओळीत बसला, टोपी नीट केली.

"मी हितंच बरा," तो म्हणाला. "तुमी चालू द्या. चुकलं तर सांगतो."