सासूबाईंच्या पायात तिचे बूट

‘‘वजन उतरायला लागलं की लगेच घेऊन या हं यांना. मग गोळ्या तेवढ्याच ठेवून चालायचं नाही,’’ दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं.

तेव्हा तिला सहावा महिना होता. एका हातात सासूबाईंची फाइल, दुसरा हात स्वतःच्या पोटावर. सासूबाई वजनकाट्यावरून भिंतीला धरून खाली उतरत होत्या. एक्क्याण्णव दाखवून काटा ‘सुटलो बुवा’ म्हणत शून्यावर गेला होता. ती नर्सच्या कानाशी वाकून पुटपुटली, ‘‘उतरलं तर ना!’’

नर्सला हसू आलं नाही. ‘‘उतरवतात माणसं. लिहून घ्या.’’

लिहून घ्यायची सवय तिला कॉलेजपासूनची. फाइलच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं, ‘वजन पाच किलो कमी झालं की बीपी तपासणे’. खाली दोन रेघा ओढल्या आणि घरी आल्यावर फाइल कपाटाच्या खालच्या खणात सारून दिली. जिला तिसऱ्या मजल्यावर यायला लिफ्ट लागते, सोफ्यावरून उठायला दोन प्रयत्न लागतात, तिचं वजन कसलं उतरतंय!

पण उतरलं. बाळ झालं आणि उतरायला लागलं. सगळं बिनसलं ते तिथूनच.

खरं तर बाळंतिणीचं वजन उतरायचं असतं. निदान तिची तशी समजूत होती. कॉलेजात ती चारशे मीटर धावायची. मैदानावरची पोरं तिला ‘गोळी’ म्हणायची. आता लेक, गुंडी, आठ महिन्यांची झाली होती आणि गोळीच्या अंगावरचे चौदा किलो जागचे हलायला तयार नव्हते. रात्री तीनदा उठायचं, दिवसा उभ्याउभ्या पाव-लोणी कोंबायचं, आणि वहीत लिहीत बसायचं: किती वाजता दूध, किती वेळा शी, कुठल्या कुशीवर किती झोप. घरात तिची नजर चुकवून माशीसुद्धा बाळावर बसत नव्हती.

आणि सासूबाई? सासूबाई आधी खालच्या पत्रांच्या पेटीपर्यंत जाऊन यायला लागल्या. मग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. मग बागेला एक फेरी, तीन फेऱ्या, पाच फेऱ्या. सहा महिन्यांनी लिफ्ट सोडली. बागेतल्या चालणाऱ्या मंडळींनी त्यांना ‘कॅप्टन’ करून टाकलं. एक्क्याण्णवाच्या चौऱ्याहत्तर झाल्या. बासष्टाव्या वर्षी बाईंना गळ्याची हाडं दिसायला लागली, आणि त्या ती आरशात निरखून बघायच्या. तिने स्वतः पाहिलं होतं.

‘‘आई, तू तर माझी ताई दिसायला लागलीस!’’ नवरा एकदा जेवताना म्हणाला.

‘‘चल, काहीतरीच,’’ सासूबाई म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा वाढून न घेता उठल्या. न घेता! तिच्या ताटात मात्र तिसरा बटाटा होता.

रात्री तिने विषय काढला. ‘‘आई जरा जास्तच करतायत असं नाही वाटत तुला? या वयात एवढं चालणं...’’

नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, ‘‘तुला बघवत नाही का गं?’’

बाण वर्मी लागला. बघवत नव्हतंच. पण असं तोंडावर ऐकल्यावर तिने ठरवून टाकलं, की यापुढे सासूबाईंच्या तब्येतीबद्दल ब्र काढायचा नाही.

तरी एक काम तिच्याकडेच होतं. सात खणांची गोळ्यांची डबी. रविवारी दुपारी ती डबी भरायची: सकाळी बीपीची पांढरी आणि अंगातलं पाणी कमी करणारी पिवळी, संध्याकाळी पुन्हा पांढरी. बाळंत व्हायला जातानासुद्धा तिने दोन आठवड्यांच्या डब्या भरून ठेवल्या होत्या. तिच्या हातून आजवर एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती.

शिंपीणबाईंकडे जायची वेळ आली तेव्हा तर कहर झाला. दोघींनी एकदमच जायचं ठरलं. सासूबाईंच्या पिशवीत सहा कपडे, सगळे आत घ्यायचे. तिच्या पिशवीत चार, सगळे उसवून सैल करायचे. शिंपीणबाईंनी टेप गळ्यात टाकून दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

‘‘बरंय की! यांच्यातलं काढते आणि तुम्हाला लावते. घरचं कापड घरातच राहील.’’

सासूबाई पोट धरून हसल्या. मग सुनेचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं, आणि तेच तिला जास्त लागलं. कीव करतायत माझी! घरी येईपर्यंत ती बाबागाडी अशी ढकलत होती, जणू रस्त्याशीच तिचं भांडण होतं.

पण बुटांचं प्रकरण त्याहून वाईट.

चपलांच्या कपाटात, सगळ्यात खाली, तिचे धावायचे निळे बूट होते. लग्नाआधी घेतलेले, अजून तळ न झिजलेले. बाळ रांगायला लागलं की ते घालून पुन्हा मैदानावर जायचं, असं तिने मनाशी घोकलं होतं. एका सकाळी सासूबाई ते हातात घेऊन तिच्या दारात उभ्या.

‘‘अगं, हे तुझे पडूनच आहेत ना? माझ्या जुन्यांनी टाच सोलते. पायाची सूज गेली आणि ते ढगळ झालेत बघ.’’

‘‘मला लागतील, आई.’’

‘‘हो का? मग ठेवते हो.’’

त्या गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि बूट पायात घालायला बसली. पाय जाईना. नाडी पूर्ण सैल केली, बुटाची जीभ बाहेर ओढली, टाचेला चमचा लावला. अंगठा पुढे ठेचला गेला आणि टाच बाहेरच राहिली. बाळंतपणात पाय वाढतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. इतरांचे वाढतात म्हणून वाचलं होतं. गुंडी पाळण्यातून टकमका बघत होती. आईच्या डोळ्यांत पाणी का, हे तिला काय कळणार!

तिने बूट बाहेर नेऊन सासूबाईंच्या पलंगापाशी ठेवले. ‘‘घ्या. मला नकोयत.’’

सासूबाईंना ते जणू मापाने शिवल्यासारखे बसले.

त्या दिवसापासून ती सासूबाईंना पाहायला लागली ती वेगळ्याच नजरेने. वैऱ्याची जागरूकता म्हणतात तशी. आणि तिला दिसायला लागलं. सोमवारी नाड्या बांधून मान वर केल्यावर सासूबाई डोळे मिटून क्षणभर तशाच बसल्या. बुधवारी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबल्या, कठड्यावरची पकड घट्ट. शुक्रवारी न्हाणीघरातून बाहेर येताना भिंत चाचपत आल्या.

‘दमल्या वाटतं कॅप्टन,’ ती मनात म्हणाली. आणि खोटं कशाला सांगायचं, तिला बरं वाटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. सांगावं का नवऱ्याला? छे! पुन्हा ‘बघवत नाही का’ ऐकायला? बाळ एकदा शिंकलं तरी वेळ टिपून ठेवणाऱ्या बाईने हे मात्र वहीत लिहिलं नाही.

रविवारी तिने डबी भरली. पांढरी, पिवळी, पांढरी. सात दिवस.

मंगळवारी अकराच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होती. सासूबाई बाहेरच्या खोलीत गुंडीबरोबर सतरंजीवर बसून ठोकळे रचत होत्या. पायात निळे बूट; नुकत्याच फिरून आलेल्या. ‘‘चला, आजीबरोबर खिडकीत,’’ असं म्हणून त्यांनी गुंडीला उचललं आणि हात न टेकता, झटक्यात उभ्या राहिल्या. हे त्यांचं नवं कौतुक होतं. दिवसातून दहादा करून दाखवायच्या.

दारातून तिने ते पाहिलं. सासूबाईंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. मान हलकेच मागे गेली.

तेव्हा ती धावली नाही. एक क्षण, जेमतेम श्वास घेण्याइतका, ती चिमटा हातात धरून नुसती पाहत राहिली. ‘आता कळेल सगळ्यांना,’ असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

सासूबाईंनी मात्र तो क्षण वाया घालवला नाही. शेजारी धुतलेल्या कपड्यांची टोपली होती. गुडघे वाकवत, जवळजवळ न बघता त्यांनी गुंडीला त्या कपड्यांत ठेवलं आणि मग स्वतः भिंतीला घासत खाली गेल्या.

चिमटा खणकन पडला. ‘‘आई! आई गं!’’

मग मात्र तिची धावण्याची सवय कामाला आली. सासूबाईंना आडवं केलं, पायाखाली दोन उशा सरकवल्या. गरोदरपणातलं बीपी मोजायचं यंत्र खणात होतं, ते ओढताना वरची फाइल खाली पडून उलटी झाली. यंत्राचा पट्टा फुगला, सुस्कारला. अठ्ठ्याऐंशी, खाली चौपन्न. तिने पुन्हा मोजलं. नव्वद, पंचावन्न.

जमिनीवर पडलेल्या फाइलचं शेवटचं पान वर आलं होतं. तिचंच वळणदार अक्षर. खाली दोन रेघा.

सतरा किलो. पाच नव्हे, सतरा! आणि ती दर रविवारी एक्क्याण्णव किलोच्या बाईच्या गोळ्या चौऱ्याहत्तर किलोच्या बाईला मोजून देत होती. एकही न चुकवता.

‘‘आई, चक्कर कधीपासून येतेय?’’

सासूबाईंनी डोळे उघडले. ‘‘गुंडी?’’

‘‘टोपलीत आहे. पायमोजा चावतेय. सांगा ना, कधीपासून?’’

‘‘महिना झाला असेल.’’

‘‘आणि बोलला नाहीत?’’

‘‘बोलले असते तर चालणं बंद केलं असतं तुम्ही. आणि तू मला पुन्हा म्हणाली असतीस, आई, तुम्ही बसूनच घ्या तिला.’’

तिला आठवलं. गुंडी चार दिवसांची होती. सासूबाई तिला घेऊन उठायला गेल्या, आणि ती त्यांच्यावर ओरडली होती. ते वाक्य ती केव्हाच विसरली होती. सासूबाई मात्र त्या एका वाक्याच्या जोरावर बागेच्या फेऱ्या मारत होत्या.

‘‘शिवाय,’’ सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, ‘‘तुला आनंद झाला असता.’’

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं तिने. ‘‘झाला असता,’’ ती म्हणाली. ‘‘झालाच होता. तीनदा बघितलं मी तुम्हाला तोल सावरताना. आणि आत्ताही... मी आधी यायला हवं होतं.’’ मग तिने फाइलचं पान त्यांच्यापुढे धरलं आणि नर्सला काय म्हणाली होती तेही सांगून टाकलं.

सासूबाईंनी चष्म्याशिवाय, पान लांब धरून वाचलं. ‘‘उतरलं तर ना, म्हणालीस?’’

‘‘हो,’’ ती म्हणाली.

‘‘मला ऐकू आलं होतं,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘वजन वाढलं होतं गं माझं, कान नव्हते गेले.’’

तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं. टोपलीतली गुंडी ते बघून खिदळली.

दवाखान्यात फोन लावला तर तीच नर्स. ‘‘आत्ता घेऊन या. संध्याकाळची गोळी मनाने देऊही नका, बंदही करू नका, आधी डॉक्टर बघतील.’’ डॉक्टरांनी बीपी दोन्ही प्रकारे मोजलं, आडवं करून आणि उभं करून. रक्त तपासायला पाठवलं. पिवळी बंद, पांढरी एकच वेळ, आठवडाभर रोज नोंद. चालायचं? चालायचंच, पण उठताना घाई नाही, आणि आठ दिवस बाळाला घेऊन उभं राहणं नाही.

‘‘बसूनच घ्या तिला,’’ सासूबाई स्वतःच म्हणाल्या, आणि सुनेला कोपराने ढोसलं.

आता वहीत नवं पान आहे. एका बाजूला गुंडीचं दूध, दुसऱ्या बाजूला सासूबाईंचं बीपी. रविवारी सकाळी ती बाबागाडी घेऊन बागेत जाते. पायात एक नंबर मोठे, साधे, राखाडी बूट. दोन फेऱ्यांत धाप लागते. पुढे निळे बूट तुरुतुरु जात असतात, आणि त्यांच्याकडे बघून अजूनही तिच्या पोटात दुखतं. ते काही इतक्यात जायचं नाही, हे तिलाही ठाऊक आहे. फरक एवढाच, की आता सासूबाई कठड्याला हात लावायला लागल्या, तर ती बरं वाटून घेत थांबत नाही. हाक मारते.

आणि हे वाचणाऱ्याला तिचं एकच सांगणं आहे. तुमच्या घरात कुणी आई, सासू, मावशी अलीकडे बारीक झाली असेल, हिंडूफिरू लागली असेल, तर आज तिच्याकडे जा. कौतुक करा, जळलात तरी चालेल. पण तिच्याशेजारी बसा, गोळ्या शेवटच्या कधी बदलल्या ते बघा, आणि तिला विचारा: उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? ‘नाही’ म्हणाली, तर ती उठेपर्यंत तिथेच थांबा.