बिनगोंदणीच्या हातचं पाणी

धोंडुबाई सुनंच्या हातची भाकरी खायची, कालवण वरपायची, पर पाणी म्हणलं की स्वतः उठून रांजणाकडं जायची. का, तर शालनचे दोन्ही हात कोरे. ना फुली, ना तुळस, ना येक टिपका.

"आवं आत्याबाई, भाकरी मळाया पाणीच लागतंय की," शालन म्हणायची.

"ते तव्यावर उडून जातं," धोंडुबाई सांगायची. "बिनगोंदणीच्या हातचं पाणी ह्या घरात कुणी पेलं न्हाई. माज्या सासूनं न्हाई, तिच्या सासूनं न्हाई."

तसं घर किरिस्ताव. भिंतीला मरियामाईची तसबीर, तिला झेंडूचा हार. पर तासगावाकडच्या त्या वस्तीवर बाप्तिस्मा डोक्यावर झालेला, हातांना कुणी इचारलं न्हवतं.

शालननं मात्र आल्या दिवशीच सांगून टाकलं, "गोंदणं पाप हाय. आमच्या बोर्डिंगात शिस्टरनं बायबलातनं वाचून दावलंय, अंगावर खुणा करू नगा म्हणून." ती ह्ये अशा तोंडानं सांगायची की जणू काय मोशेच्या शेजारी बसून तिनं ऐकलंय.

खरी गोम येगळीच हुती. शालनला सुईचं भ्या. देवीची लस टोचणारा गावात आला तवा ती कणगीत लपली, आन् घरच्यांनी वरनं सगळा जोंधळा वतला. म्हणत्यात की पोरगी जोंधळं खात खात बाहेर आली, आन् ती बाहेर आली तवर लसवाला रिटायर झाला हुता. नवऱ्याला, गुंडाला, तिनं ह्यातलं काय सांगितलं न्हवतं. पाप म्हणलं की माणूस गप बसतं. भ्या म्हणलं की हसतं.

"आन् नाकात चमकी घालून मिरवतीस," धोंडुबाई म्हणली, "ते भोक देवानंच पाडून धाडलं व्हय?"

"तान्ही हुते तवा पाडलं. मला कुठं कळत हुतं?"

"मग मला तरी कुठं कळत हुतं!" धोंडुबाईनं आपला हात पुढं केला. कोपरापासनं मनगटापतुर हिरवं रान. "गोंदण म्हंजे जित्तं आसतं, पोरी. शिराळ्याच्या माज्या मावशीच्या हातावर नाग हुता. नागपंचमीला त्यो उतरून मिरवणूक बघाया गेला. सांजंला परत आला तर मावशी शेतात. मग बसला शेजारणीच्या हातावर जाऊन. लय भांडणं झाली. आजबी तिकडंच हाय त्यो."

शालन हसली, पर हात पदराखालीच ठिवलं.

शेवटाला सासूनंच तोड काढली. "फादर येऊ दे. त्यो पाप म्हणला तर मी तुज्या हातचं पाणी पिईन, आन् पुन्यांदा त्वांड उघडणार न्हाई. न्हाई म्हणला, तर गोंदणारीण बोलावते."

शालन 'बरं' म्हणली. फादर आपल्याच बाजूचा, अशी तिची खात्री.

फादर लोपीस वसईचं. महिन्यातनं येकदा यष्टीनं यायचं, बेदाण्याच्या शेडात मिस्साची उपासना करायचं, मग धोंडुबाईकडं च्या. त्या रविवारी त्यांनी बशी तोंडाला लावली, तवर त्यांच्या नाकापुढं तो हिरवा हात आला.

"ह्ये पाप हाय का, फादर?"

फादरनी विंचू बघितला, तुळस बघितली. "ते वचन जुन्या करारातलं, बाई. तेव्हाची शेजारची माणसं मेलेल्यांसाठी अंग कापून घ्यायची, परक्या देवांच्या खुणा करायची. म्हणून मनाई. नुसत्या शाईला आपण पाप म्हणत नाही. काय काढलं नि कशासाठी काढलं, ते बघायचं. वंगाळ काही काढलं, आईबापाला दुखवून काढलं, जिवाला अपाय होईल असं काढलं, तर ती चूक. तुमचं तर लहानपणीचं. तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

शालननं हात पदराखाली वढलं.

"पण बिनगोंदणीच्या हातानं पाणी बाटतं," फादर पुढं म्हणलं, "असं मानत असाल, तर पाप तिथं आहे."

धोंडुबाईनं हिरवा हात मागं घेतला. फादरनी मोहरा गुंडाकडं वळवला. "आणि अँथनी, तुझ्या नाकाला भोक कशाचं?"

बाप्तिस्म्याचं नाव इसरलेल्या गुंडानं मागं वळून बघितलं, अँथनी कोण आलाय म्हणून.

"ह्याच्या आदी दोन लेकरं गेली," धोंडुबाई म्हणली. "सटवाईला पोरगी वाटावी म्हणून नाक टोचलं. गुंडा, म्हंजे धोंडा, आसं नाव ठिवलं. धोंड्याला कोण उचलून नेतंय?"

"म्हणजे देवावर भरवसा ठेवला नाहीत."

"ठिवला की," धोंडुबाई हळूच म्हणली. "दोनदा ठिवला हुता."

फादरनी बशी खाली ठिवली. "त्याला मी पाप नाही म्हणणार," ते म्हणलं. "भ्यायलेल्या आईचं काम ते. पुढच्या पोराला मात्र टोचू नका. आधी मला बोलवा."

धोंडुबाईनं डोळं पुसलं आन् सुनंकडं वळली. "ऐकलंस? शाई पाप न्हाई. उद्या गोंदणारीण येईल."

"आत्याबाई!" शालननं सासूचा हात धरला. "मला सुई सोसत न्हाई वो. पापाबिपाचं मी उगंच लावलं. भ्या वाटतं मला, लय भ्या वाटतं."

गुंडा फिस्सकन हसला. आईनं त्याला डोळं वटारलं.

"खोटं, तेही देवाच्या नावावर," फादर खोकल्यावानी करत म्हणलं. "हे मात्र पाप. पापनिवेदनाला ये."

"आगं टवळे, पयलंच सांगायचं न्हाई व्हय?" धोंडुबाई म्हणली. "मला गोंदताना चार बायांनी धरलं हुतं. मी गोंदणारणीला आशी चावले की तिच्याच हातावर माज्या दातांचं गोंदण उठलं!"

गोंदणारीण काय आली न्हाई. पर जुनी सवय येका दिवसात कुठली सुटती? दुसऱ्या दिसापासनं धोंडुबाई सकाळी काजळात काडी बुडवून सुनंच्या मनगटावर फूल काढाया लागली. येक दिस जाई, येक दिस मोर. मोर बदकावानी दिसायचा. मग त्या हातचं पाणी प्यायची, आन् वर म्हणायची, "फादरला सांगू नगंस."

पुढं उन्हाळ्यात येका दुपारी ती शेडातनं तापून आली. शालननं पाणी दिलं. ती घटाघटा पेली, आन् भांडं परत देताना सुनंच्या मनगटाकडं ध्यान गेलं. कोरं! सकाळच्या गडबडीत दोघीबी इसरल्या हुत्या.

शालन सासूच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली.

"बघतीस काय?" धोंडुबाईनं भांडं पुढं केलं. "आनखी आण."