गाढवांचा शनिवार

ऑक्सरॉइड रेंजर्स या गावच्या रग्बी संघाने त्या वर्षी सव्वीस सामन्यांपैकी तेवीस घालवले. उरलेल्या तीनपैकी एक जिंकला तो समोरच्यांची बस वाटेत बंद पडून निम्मा संघ उशिरा पोचला म्हणून. त्यामुळे सप्टेंबरात हंगाम संपला तसा गावात जो तो प्रशिक्षक झाला. खाटकाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, चिप्सच्या रांगेत, जिथे तिथे पुढच्या वर्षी संघ कसा वर येईल याची फुकट शिकवणी चालू. खरा प्रशिक्षक ग्रॅहम ओल्डरॉइड मात्र खाली मान घालून चिप्स घ्यायचा आणि व्हिनेगर मारायलाही न थांबता घर गाठायचा.

पण गडी हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. तीन आठवडे त्याने बैठकीच्या खोलीचे पडदे ओढून सव्वीसच्या सव्वीस सामने पुन्हा पाहिले. बायको म्हणाली, "एकदा हरून भागलं नाही का तुझं?" त्यावर त्याने नुसता चहाचा कप पुढे केला. आणि खरंच, त्याला दुखणं सापडलं. तासभर रेंजर्स बरे खेळायचे. शेवटच्या वीस मिनिटांत मात्र मधल्या फळीच्या डाव्या अंगाला भगदाड पडायचं आणि समोरचे तिथून बाजारात शिरावं तसे आत यायचे. एक्केचाळीस ट्राय, म्हणजे रेषेपार चेंडू टेकवून केलेली कमाई, त्याच भगदाडातून झाले होते. तिथे उभा असायचा टोबी क्लेग. समोरून चेंडू घेऊन माणूस अंगावर येतोय, आणि हा पठ्ठ्या बघतोय आत, स्वतःच्याच कप्तानाकडे. प्रत्येक वेळी. ग्रॅहमने योजनेच्या कागदावर पहिली ओळ लिहिली: टोबीला नारळ द्यायचा. बाकी तीन-चार ओळी झाल्या आणि शेवटी, दोनदा अधोरेखित करून, लुईस आणखी एक वर्ष.

लुईस सग्डन म्हणजे ग्रॅहमच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. वय तेहतीस, चौदा वर्षं रेंजर्सचा आणि सहा वर्षं कप्तान. सामन्याला चाळीस-चाळीस टॅकल करणारा, म्हणजे तितकी माणसं अंगावर घेऊन आडवी पाडणारा. गावाला दुसरं काही मिरवायला उरलं नव्हतं, खाण बंद, गिरणी बंद, तेव्हा गाव लुईसला मिरवायचं. तो निवृत्त होणार अशी कुजबुज होती. तो राहिला तर बाकीची पोरं राहतील, तो गेला तर पुढच्या वर्षी तेरा जण उभे करायचीसुद्धा मारामार. म्हणजे सगळ्या योजनेचा टेकू तो एकटा. शनिवारी दुपारी दोनला समितीपुढे योजना मांडायची होती. म्हणून ग्रॅहमने सकाळी अकराला त्याला क्लबात बोलावलं. आणि जोनला.

जोन बॅराक्लॉ तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती, आता रेंजर्सच्या पाठी, गुडघे आणि डोकी सांभाळायची. तिला कुणाची भीडभाड नव्हती.

"तुझ्या कागदावर माझं एक कलम घाल," ती म्हणाली. "गाढवांचा शनिवार बंद."

ग्रॅहम हसला. हसण्यासारखंच होतं ते. हंगामाच्या आधी, फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी, प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची परीक्षा व्हायची. पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळाने परत विचारायचे. आकडे उलटे म्हणायचे, महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. तीस गुण. मग सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि फेब्रुवारीपेक्षा गुण घसरले असतील तर घरी बसायचं. ही पद्धत आली त्या वर्षी ग्रॅहम दुय्यम प्रशिक्षक होता. त्यानेच पोरांना जवळ घेऊन कानमंत्र दिला: पहिल्या दिवशी गाढव व्हा. शहाण्याचे गुण घसरतात, गाढवाचे कुठून घसरणार? पोरांना हे इतकं आवडलं की त्याचा सणच झाला. मटणाचे पॅटिस आणि वाटाणे खात सगळा संघ कोंडाळं करून बसायचा आणि जो जास्त मठ्ठपणा करील त्याला टाळ्या. कुणी डिसेंबर, नोव्हेंबर, नाताळ असं म्हणायचं, कुणी एका पायावर उभं राहताना जोनच्या मांडीवर पडायचं. गेल्या फेब्रुवारीत लुईसने बाजी मारली होती. सतरा गुण. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं.

"दहा वर्षं मी तुमचा हा तमाशा मूग गिळून पाहिला," जोन म्हणाली. "पुढचा हंगाम खरोखर सुधारायचाय ना? मग निदान डोकी तरी खरी लिहा. आधी कप्तान देईल परीक्षा, आत्ता, इथे. सोमवारी बाकीचे."

"घे बाई, घाल तुझं कलम," ग्रॅहम म्हणाला. त्याला वाटलं, फुकटात मिळणारी सुधारणा आहे, बिघडतंय काय.

लुईस आला तो दारातूनच हसत. भला थोरला, नाक दोन ठिकाणी मोडलेलं, हातात जोनसाठी खोबऱ्याच्या वड्यांची पिशवी. ग्रॅहमने त्याला सगळं समजावलं. "आज गाढवपणा नाही. जीव लावून उत्तरं द्यायची. अठ्ठावीसच्या खाली आलास तर तुझ्या आईला सांगेन."

"बरं मामा," लुईस म्हणाला आणि खुर्चीत नीट सावरून बसला. शाळेतल्या पोरासारखे हात गुडघ्यांवर ठेवले.

जोनने पाच शब्द वाचले: बोट, लोणी, शिडी, घंटा, कोकरू. लुईसने तीन परत म्हटले. आकडे उलटे म्हणताना चौथ्यालाच अडखळला. महिने उलटे म्हणताना डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत आला, तिथे थांबला, परत डिसेंबरवर गेला. कपाळावर घाम आला होता. ग्रॅहमला आधी गंमत वाटली, मग राग आला.

"पुरे कर रे आता," तो म्हणाला. "सांगितलं ना, नाटक नको."

लुईसने मान वर केली. "कसलं नाटक?"

जोनने ग्रॅहमकडे बघितलं नाही. ती तशीच पुढे वाचत गेली, एका सुरात. पाच शब्दांतले आता किती आठवतात असं तिने विचारलं. लुईसने डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले, आणि म्हणाला, "लोणी." मग, "कसलं तरी पिल्लू." मग तो हसला, तेच हसू, ज्याच्यावर फेब्रुवारीत सगळी खोली लोटपोट झाली होती.

जोनने बेरीज केली, परत केली, आणि कागद ग्रॅहमकडे सरकवला. सतरा.

ग्रॅहमने आकडा परत वाचला. मग त्याने विचारलं, "लुईस, फेब्रुवारीत... फेब्रुवारीत तू मुद्दाम केलं होतंस ना?"

"आधी करायचो मुद्दाम," लुईस म्हणाला. "सुरुवातीची वर्षं. नंतर नाही लागलं करायला." तो बोटांची कातडी ओढत राहिला. "यंदा तर मी मन लावून देत होतो, मामा. बायको म्हणते मी घरात लक्ष देत नाही, म्हटलं बघू तरी. पण तुम्ही सगळे हसलात. मला खांद्यावर घेतलंत. मग मला वाटलं, सगळ्यांनाच इतकं अवघड जात असेल, मीही हसलो."

ग्रॅहमही हसला होता त्या दिवशी. नुसता हसला नव्हता, टाळ्या त्यानेच सुरू केल्या होत्या. 

जोन उठली आणि कपाटातून जुन्या फायली घेऊन आली. दहा वर्षांचे दहा कागद तिने टेबलावर ओळीने मांडले. एकवीस, बावीस, एकोणीस, वीस, बावीस, एकोणीस. ती बोट फिरवत राहिली. "यातलं सोंग कुठलं आणि खरं कुठलं?" तिने विचारलं. "कुठल्या वर्षी सुरू झालं हे? सांग मला. याचे खरे गुण किती होते, एकदा तरी, एका तरी कागदावर?"

कुणाला ठाऊक. दहा कागदांत सोंग आणि खरं एकमेकांत कालवलेलं, आणि खोटं बोलायची शिकवण ग्रॅहमची. पोराचं डोकं कधी, कुठल्या सामन्यात, कुठल्या धडकेत हातातून निसटलं, हे आता देवालाही सांगता येणार नव्हतं.  

"आणखी ऐक," जोन म्हणाली. "नियमाने बघितलं तर तो ठणठणीत आहे. फेब्रुवारीत सतरा, आज सतरा. एक गुण घसरला नाही. उद्या सामना असता तर मला त्याला मैदानात सोडावं लागलं असतं. यंदा चार वेळा सोडलंय मी त्याला. चार वेळा, ग्रॅहम, या हातांनी."

आता लाजेची गोष्ट सांगायची तर तीही सांगायला हवी. क्षणभर, एकच क्षण, ग्रॅहमच्या मनात आलं की कागद तर जुळतोय. खोलीत तिघंच आहेत. दोन वाजता समितीपुढे तीच योजना वाचता येईल, लुईस आणखी एक वर्ष, दोनदा अधोरेखित. हा विचार आपल्या डोक्यात आला याचा त्याला जो धक्का बसला तो आधीच्या सगळ्यापेक्षा मोठा होता.

लुईसनेच त्याला त्यातून बाहेर ओढलं, नकळत. "खेळताना नाही काही अडत, मामा. शेवटी शेवटी जरा धुकं होतं, तेव्हा टोबी सांगतो ना मला. कुठला माणूस माझा, कुठे जाऊन उभं राहायचं. ईस्टरपासून तोच सांगतो. म्हणाला, तू फक्त धडक दे, बाकी मी बघतो."

ग्रॅहमने ती भगदाडं पाहिली होती, एक्केचाळीस, थांबवून थांबवून. टोबी क्लेग आत बघत होता कारण तो आपल्या कप्तानाला हाताला धरून चालवत होता. अंगावर माणूस येत असताना, शिव्या खात, सहा महिने. आणि आपण त्याला नारळ द्यायला निघालो होतो. संघ का हरतो हे सगळ्या गावाने विचारलं, प्रशिक्षकाने तीन आठवडे पडदे ओढून शोधलं, आणि ज्याला माहीत होतं तो गप्प राहिला, कारण या क्लबात डोक्याचं नाव काढायचं नाही हे त्याला पहिल्या शनिवारीच शिकवलं होतं.

ग्रॅहम लुईसच्या समोर खुर्ची ओढून बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"तू आता खेळणार नाहीस, पोरा."

"पण गुण जुळले."

"जुळले. तू खेळणार नाहीस."

"तूच म्हणायचास, जुळले की झालं." लुईसचा आवाज चढला. "आईची शपथ घेऊन सांग, म्हणायचास की नाही?"

"म्हणायचो. गाढव मी होतो."

 लुईसचे मोठे मोठे हात मांडीवर पालथे पडले होते. मग त्याने हळूच विचारलं, "मी आधी कसा होतो, मामा? तुला तर माहीत असेल."

ग्रॅहमने सांगायला तोंड उघडलं. आठ वर्षांचा असताना तू माझ्या खांद्यावर बसून दोन्ही संघांची नावं क्रमाने म्हणायचास, एक चुकवायचा नाहीस, असं काहीतरी तो सांगणार होता. पण त्याने नुसतं भाच्याच्या मानेवर हात ठेवला. जोन खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

थोड्या वेळाने तिने मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवायचा अर्ज काढला. नाव, वय, किती वर्षं खेळला, हे सगळं तिने भराभर भरलं. एका रकान्यापाशी येऊन तिने पेन ग्रॅहमच्या हातात दिलं. लक्षणं कधी सुरू झाली, आणि त्याआधीच्या तपासण्यांचे गुण काय.

"हे तू लिही," ती म्हणाली. "मी खोट्यावर सही करत आले, त्याचं मी माझं बघेन. पण हे तुझ्या अक्षरात असू दे."

ग्रॅहमने लिहिलं. सावकाश, मोठ्या अक्षरात, डॉक्टरला एक शब्द अडायला नको म्हणून. कधी सुरू झालं माहीत नाही. सोबतचे दहाही कागद विश्वासाचे नाहीत. खेळाडूंना मुद्दाम कमी गुण पाडायला मी शिकवलं, दर वर्षी, सगळ्या संघाला. खाली पूर्ण नाव आणि हुद्दा. एक प्रत समितीसाठी.

लुईस उठून त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला होता. तो वाचत होता, ओळीखाली बोट धरून, आणि त्याला वेळ लागत होता. ग्रॅहम हलला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत बोट आलं आणि तिथेच थांबलं.

"हे नको लिहूस, मामा," लुईस म्हणाला. "तुला काढून टाकतील."

"टाकू देत."

"वेडा आहेस का? पुढच्या वर्षी वर यायचंय आपल्याला. मी नसलो तर चालेल एक वेळ." त्याने कागदावरून बोट उचललं नाही. "तू गेलास तर या पोरांकडे बघणार कोण?"