दोरीला बांधलेली लाल पेन्सिल

ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीनं नकाशा बघून विचारलं होतं ते एवढंच, "मॅडम, शाळेच्या सभागृहाचे दरवाजे आत का उघडतायत?"

झालं! नकाशा विभागाच्या मुख्य बाईंचा पारा एकदम चढला. "तुझ्या जन्माआधीपासून मी दरवाजे काढतेय. बाहेर उघडले तर कॉरिडॉर अडतो, म्हणून आत घेतलेत. तुझी खिडक्यांची मापं टाकून झाली का, ते सांग आधी!"

मुलीचं तोंड एवढंसं झालं. बाकीच्यांनी गुपचूप आपापल्या स्क्रीनमध्ये माना खुपसल्या. नकाशा पाच वाजेपर्यंत सही होऊन बांधकामावर जायचा होता, आणि बाई निवृत्त होण्याआधीचं त्यांचं ते शेवटचं मोठं काम होतं.

तेवढ्यात शिपाईकाका चहा घेऊन आले. बाई नोकरीला लागल्या तेव्हा काकांना नुकतं मिसरूड फुटलं होतं, आता डोकं पांढरं झालेलं. कप ठेवता ठेवता ते हळूच म्हणाले, "बाई, मोठ्या साहेबांची ती लाल पेन्सिल कुठं गेली हो?" आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या टेबलाकडे वळले.

पेन्सिल कुठं जाणार? खालच्या खणातच होती. बाईंनी ती बाहेर काढली, आणि काय सांगू, सगळं जुनं ऑफिस डोळ्यांपुढे उभं राहिलं! ती तिरकी उंच टेबलं, बोटांना लागलेली काळी शाई, चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडताना होणारा खरखर आवाज. आणि मोठे साहेब. ते नकाशावर आधी कच्ची सही करत आणि तो खिडकीशेजारच्या फळ्यावर टाचून ठेवत. शेजारी दोरीला बांधलेली लाल पेन्सिल. चार वाजेपर्यंत प्रत्येकानं त्या नकाशाला एक तरी प्रश्न विचारायचाच. "प्रश्न नाही, तर चहा नाही!" असा साहेबांचा कायदा, आणि तो झाडूवाल्या मावशींनाही लागू!

बाई तेव्हा नव्या होत्या. एकदा दवाखान्याचा नकाशा फळ्यावर लागला. वॉर्डाकडे जाणारं वळण फारच अरुंद होतं, हे त्यांना सकाळीच दिसलं होतं. पण साहेबांची चूक कशी काढायची? त्यांनी उगाच जिन्याबद्दल काहीतरी विचारून चहा मिळवला. मग हेच काका, तेव्हाचा पोरसवदा शिपाई, उठला आणि म्हणाला, "साहेब, पेशंटची खाट या कोपऱ्यावर वळायची कशी?"

सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी माप घेतलं, सगळ्यांसमोर ब्लेड मागवलं आणि आपली रेघ आपल्या हातानं खरवडली. शिपायाला चहाचा कप स्वतः नेऊन दिला. संध्याकाळी त्यांनी बाईंना विचारलं, "तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं, साहेब. पण तुमची सही होती ना..."

"सही माझी आहे गं, पण खाटेवर कोण असेल? तुझी आईसुद्धा असू शकते. मला मान द्यायचाय ना? मग माझी चूक मला दाखव. तू गप्प बसलीस तर मान माझा राहील आणि हाल दुसऱ्याच कुणाचे तरी होतील."

किती चांगला माणूस होता तो! साहेब गेले, कॉम्प्युटर आले, भिंती रंगवताना फळा निघाला. पेन्सिल बाईंनीच खणात टाकली, आठवण म्हणून. आठवण जपली आणि रीत तेवढी विसरल्या!

त्यांनी नकाशाकडे पुन्हा पाहिलं. चारशे मुलं आत बसलेली. अचानक दिवे गेले, कुणीतरी ओरडलं, आणि सगळी दरवाज्याकडे धावली तर? पुढची मुलं दारावर दाबली जातील. मग दार आत ओढायचं कुणी? बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्या उठून मुलीच्या टेबलापाशी गेल्या. "बरोबर होतीस तू. मीच उगाच खेकसले. पण कॉरिडॉर अडतो, त्याचं काय करायचं, सांग बरं?"

मुलगी चाचरत म्हणाली, "दरवाजे भिंतीच्या रेषेपासून आत सरकवले तर? मग बाहेर उघडले तरी कॉरिडॉरमध्ये येणार नाहीत. मागची एक रांग कमी होईल फक्त."

"होऊ दे!" बाईंनी वरिष्ठांना फोन लावला. "नकाशा आज येणार नाही. चूक माझी आहे." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी खिडकीशेजारी खिळा ठोकला गेला, दुरुस्त नकाशा लागला, शेजारी पेन्सिल लटकली. चार वाजता काकांनी सगळ्यांना चहा दिला, बाईंना सोडून.

"माझा कप?"

"तुमचा प्रश्न कुठंय, बाई?"

बाई हसल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. "माझा प्रश्न असा, काका, की ही पेन्सिल इतकी वर्षं मी खणात का ठेवली?"

काकांनी कप पुढे केला.

मंडळी, आपल्याही घरात, ऑफिसात, गावात खुर्चीवर कुणी ना कुणी बसलेलं असतंच. त्यांना जरूर मान द्या, पण प्रश्नही विचारा. आणि त्या खुर्चीवर तुम्हीच बसला असाल, तर आधी आपला खण उघडून बघा!