गारवामाईचं लाल कापड

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शिफ्ट सुटली की बायका घरी जातात असा माझा समज, पण त्या दिवशी निम्मा कारखाना त्या जिन्यावर बसला होता. पुठ्ठ्यानं वारा घेत, घामानं निथळत. वरच्या खोलीतून आरोळी आली, “उतरली! बघा, उतरली उष्णता!” आणि अख्खा जिना एक पायरी वर सरकला.

वर गारवामाई बसायची. महिन्यातून चारदा अवतरायची. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांची उष्णता काढते, ही तिची ख्याती. अंगातून वाफा निघतात? माई. झोप नाही? माई. सांधे धरले, जीव घाबरा होतो, नवऱ्याच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटतं? माई. सगळ्यांवर औषध एकच. पोटावर ‘चंद्राची पूड’ चोळायची, मग वाडग्यातल्या निर्मळ पाण्यात पांढरं कापड बुडवून पोटावर ठेवायचं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कापड लाल. दुसऱ्या खेपेलाही लाल. तिसऱ्या खेपेला मात्र पांढरं स्वच्छ. बाई बरी!

माझा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. गेले तीन महिने मी जेवणाच्या सुट्टीत माईच्या नकला करून दाखवत होते. बायका हसायच्या आणि संध्याकाळी गुपचूप जिना चढायच्या. मी हसले, हीच माझी चूक होती. पण ते नंतर सांगते.

त्या दिवशी मी वहिनीला ओढून न्यायला आले होते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमच्याच कारखान्यात धुतलेल्या चादरींच्या घड्या घालते. वय चौपन्न. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि अचानक पुन्हा रक्त जायला लागलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. म्हणाल्या, “पिशवीचं अस्तर जाड झालंय. छोटासा तुकडा काढून तपासायला हवा, लवकर.” वहिनीनं दोन तारखा बुडवल्या. तिसरी तारीख दोन दिवसांवर आलेली, गुरुवारची. आणि माईनं तिला तिसऱ्या खेपेला बोलावलं होतं तेही गुरुवारीच.

“वहिनी, अगं गुरुवार चुकवू नकोस,” मी आदल्या दिवशी हातापाया पडले होते.

“माई म्हणते, वर्षानुवर्षांचं साचलेलं वाईट रक्त निघून जातंय. त्यात डॉक्टरांचं लोखंड घातलं की ते उलटतं.”

“आणि तू ऐकलंस?”

“माझी आई तपासायला म्हणून चालत गेली होती. चादरीत गुंडाळून परत आली.” एवढं बोलून ती घड्या घालायला लागली.

जिन्यावरच्या बायकांचे गुडघे ओलांडत मी वर पोचले. वहिनी बाकावर आडवी होती, डोळे मिटून. तीन महिन्यांत निम्मी झाली होती.

माई कापड पिळत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच. “पाणी बोलतं, बायांनो! डॉक्टरची मशीन विजेवर चालते, वीज गेली की मुकी. माझं पाणी सत्यावर चालतं. खोट्या बाईला रंग दाखवत नाही, खऱ्या दुःखाला लपवत नाही!” कापड पोटावर पडलं. लाल झालं. दारातल्या बायकांनी श्वास रोखला.

मी आयुष्यात पहिल्यांदा ते कापड जवळून बघत होते. आणि मला रागाआधी लाजच वाटली.

आमच्या कारखान्यात दवाखान्यांच्या चादरी धुतात. गेली तेवीस वर्षं आम्ही बायका रक्त धुतोय. ताजं, वाळलेलं, काळं पडलेलं, सगळ्या तऱ्हेचं. रक्त बिटासारखं गुलाबी नसतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. हे कापड बिटाच्या रंगाचं होतं. आणि तो रंग आम्ही सगळ्याजणी रोज बघत होतो.

चादरी सोड्याच्या कढत पाण्यात धुतल्या की चार वेळा खळबळून काढाव्या लागतात. सोडा मागे राहिला तर पडून असलेल्या रुग्णाची कातडी सोलवटते. म्हणून प्रत्येक खेपेतल्या एका चादरीवर मी बाटलीतला एक थेंब टाकते. दिसायला साधं पाणी. चादरीत सोडा नसेल तर थेंब तसाच राहतो. सोडा असेल तर तो गुलाबी होतो, आणि सगळी खेप परत पाण्यात जाते. यावरून मला कारखान्यात थेंबबाई म्हणतात. बाटली चोवीस तास एप्रनच्या खिशात.

चादरीवरचा थेंब ओळखणाऱ्या शंभर बायका, स्वतःच्या पोटावरचा ओळखू शकल्या नाहीत. भीती डोळ्यांत गेली की असंच होतं.

मी बाटली काढली. माईच्या ताटलीतल्या चंद्राच्या पुडीवर थेंब टाकला. पूड लाल झाली.

“ए, हात लावू नकोस! कोप होईल,” माई म्हणाली.

“माई, जरा तळहात दाखवता?” ती नको म्हणायच्या आत मी थेंब टाकला होता. दिवसभर पूड चोळलेला हात गुलाबी झाला. “अगंबाई! सगळ्यात जास्त उष्णता तुम्हालाच आहे की!”

दारात कुणीतरी फिसकन हसलं. माई कच्च्या गुरूची चेली नव्हती. हात वर करून म्हणाली, “लेकींनो, बघा! तुमच्या सगळ्यांची आग मी माझ्या अंगावर घेतली!” दोघीतिघींनी हात जोडले. क्षणभर वाटलं, हरले.

तेवढ्यात वहिनी उठून बसली. तिनं माझ्या हातातली बाटली घेतली. त्या खोलीच्या भिंतींना नुकताच ओला चुना मारलेला होता. तिनं भिंतीवर थेंब टाकला. चुन्यावरही थेंब सोड्यासारखाच रंगतो. लाल ओघळ खाली गेला.

“माई,” वहिनी म्हणाली, “भिंतीची पण पाळी गेली का?”

मग काय, बाकाखालचा दुसरा डबाही सापडला. पहिल्या दोन खेपांना धुण्याचा सोडा, तिसऱ्या खेपेला अंगाला लावायची साधी पावडर. पावडरीवर थेंब रंगत नाही. झाला चमत्कार! माईच्या वाडग्यातलं पाणी म्हणजे माझ्या बाटलीत असतं तेच औषध, पातळ केलेलं. माई ‘शक्ती गेली, शक्ती गेली’ करत मागच्या दारानं पसार झाली.

टाळ्या वाजतील असं मला वाटलं होतं. कुणी वाजवल्या नाहीत. इस्त्रीच्या रोलरवर काम करणारी बाई पायरीवर बसून रडायला लागली. “झालं तुझं समाधान? आता मी कुठे जाऊ? रोलरपाशी घाम येतो तो मशीनचा की माझा, तेच कळत नाही. वर्ष झालं, सलग दोन तास झोपले नाहीये. माई निदान विचारायची तरी, झोप लागते का गं म्हणून. तू काय केलंस? नकला केल्यास.”

चपराक बसली. कारण ती खरं बोलत होती, आणि तिला सगळं ठाऊकही नव्हतं.

मी एप्रन बाजूला केला आणि कमरेवरची पट्टी दाखवली. पारदर्शक, बोटाएवढी. “ही संप्रेरकांची आहे. सहा महिने लावतेय. सोबत रोज एक गोळी, पिशवीच्या अस्तरासाठी. मलाही वाफा यायच्या, मीही रडायचे. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्तदाब बघितला, छातीची तपासणी केली, घरात कुणाला काय झालंय ते विचारलं, मग दिली. सगळ्यांनाच चालते असं नाही. नाही चालली तर दुसरे उपाय असतात.”

“आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?”

“नाही सांगितलं.” बायका म्हणायच्या, थेंबबाईचा स्वभाव निवळला. मी म्हणायचे, दूध पिते झोपताना. कपडे बदलताना भिंतीकडे तोंड करायचे. का? लाज. दुसऱ्यांच्या अंधश्रद्धेवर हसणारी मी, पन्नाशीच्या अंगाला लाजत होते. माझ्या गप्प बसण्यावरच माईचं दुकान चाललं होतं.

वहिनी पट्टीकडे बघत राहिली. “मग त्यांनी मला का नाही दिली?”

“आधी तुझं रक्त कुठून येतंय ते कळायला हवं ना, वहिनी. ते कळल्याशिवाय देतच नाहीत.”

“मला भीती वाटते गं.”

“मलाही वाटते,” मी म्हणाले. तिच्याशी मी कधीच असं बोलले नव्हते.

गुरुवारी रोलरवालीनं वहिनीची शिफ्ट घेतली, आणखी एकीनं माझी. तपासणीच्या खोलीत वहिनीनं माझं मनगट इतकं आवळलं की दोन दिवस वळ होता. दहा मिनिटांत आटपलं. ती चालत बाहेर आली, आणि दारातच म्हणाली, “एवढंच?” मग हमसून हमसून रडली. आईसाठी रडली असावी.

दहा दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर निघाला. अजून पिशवीतच असावा असं डॉक्टरीणबाईंना वाटतं. आणखी तपासण्या, मग ऑपरेशन. “पहिल्या तारखेला आला असतात तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “पण आलात. पुष्कळजणी येतच नाहीत.” पुढे काय होईल ते मला माहीत नाही. खोटा दिलासा मी देणार नाही, तो धंदा माईचा.

आता कपडे बदलायच्या खोलीत एक कागद लावलाय. कुणाची तपासणी कधी, सोबत कोण जाणार. वहिनीच्या नावापुढे अकरा जणींनी सही केली आहे. रोलरवालीला गोळ्या सुरू झाल्या, ती चार तास झोपते आणि ते सगळ्यांना ओरडून सांगते.

बायांनो, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो शाप नाही आणि शुद्धीही नाही. तपासा. अंगातून वाफा येतात तर सांगा, मोठ्यानं सांगा. चादरीवर गुलाबी थेंब दिसला तर आम्ही तिला दोष देत नाही, तिच्यावर मंत्रही म्हणत नाही. परत पाण्यात घालतो, पुन्हा तपासतो. परक्या रुग्णाच्या चादरीची आम्ही एवढी काळजी घेतो. वहिनीच्या पहिल्या दोन तारखांना सोबत जायचं मात्र मला सुचलं नव्हतं.