नळीवर न लिहिलेलं

बाबा गेल्यापासून मुकादम धड जेवत नव्हता. मुकादम म्हणजे बाबांचा बोका. घरात कोण काय करतंय यावर दिवसभर नजर ठेवायचा, म्हणून बाबांनीच ते नाव दिलेलं. आई लेकीला उठसूट फोन करायची. "अगं, तुमच्या लॅबमध्ये बघ ना त्याचं रक्त. एवढी शिकलीस ती कशासाठी?"

लेकीची लॅब रक्तातलं एक प्रोटीन मोजणारी तपासणी तयार करत होती. शरीरात कुठे संसर्ग झाला की ते भराभर वाढतं, पण कुत्र्यांच्या रक्तात. मांजराच्या रक्तात ते फारसं हलत नाही, आणि यंत्रातली पट्टीही कुत्र्याचंच प्रोटीन ओळखायची. हे लेकीला माहीत नव्हतं असं नाही. ज्या प्राण्यावर तपासणीची पारख झाली नाही त्याचा आकडा तोंडातून काढायचा नाही, असं सहकाऱ्यांना तीच बजावायची. तरी आईचे फोन थांबावेत म्हणून तिने जनावरांच्या डॉक्टरांनी काढून दिलेली मुकादमच्या रक्ताची नळी यंत्रात घातली. लॅबमध्ये येणारं सगळंच रक्त कुत्र्यांचं, त्यामुळे नळीवर फक्त नाव लिहायची पद्धत. कुणी काही विचारलं नाही. आकडा अगदीच कमी आला.

"नॉर्मल आहे गं," तिने आईला सांगितलं. "नाटकी आहे तो, दुसरं काय."

आता मुकादम दवाखान्याच्या टेबलावर नुसता पडून होता.

"सोनोग्राफीत पोटात पू दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "मी आधीच खोलात गेलो असतो. पण तुमच्या मुलीची तपासणी नॉर्मल आली. त्या यातल्याच."

"हो तर," आई म्हणाली. "ती तपासणी तिनेच तर बनवलीय." एवढ्या काळजीतही तिचा आवाज थोडा चढला.

लेकीला मान वर करवेना. गप्प बसली असती तर सगळं यंत्रावर ढकलता आलं असतं.

"ती कुत्र्यांची तपासणी आहे, आई. मांजराला लागू पडत नाही. तो कितीही आजारी असता तरी नॉर्मलच आली असती."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

आई चिडली असती तर बरं झालं असतं. ती बोक्याकडे वळली. त्याच्या कानामागे बोट फिरवत हळूच म्हणाली, "आणि मी तुला नाटकी म्हटलं रे. पुढ्यातली ताटली उचलून घेतली तुझ्या."

"ऑपरेशन आजच करू," डॉक्टर म्हणाले. "आधी रक्त घेतो. मांजरांची तपासणी करतात तिकडे पाठवू."

लेकीने त्याचा पुढचा पाय धरला. एरवी त्याने ओरबाडलं असतं. नळी भरली, तसा तिने सवयीने पेनासाठी हात पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली. "मी लिहिते."

तिने चष्मा लावला आणि नळीच्या चिठ्ठीवर सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: मुकादम. मांजर.